मोटारीतील हद्दीचे वाद

कारखान्यातून आलेल्या मोटारीत बिघाड उत्पन्न झाला असता मालकाच्या मनात प्रथम जी भावना उसळते ती संतापाची असते, आणि हा संताप कोणाकडे रुजू करावयाचा त्याचा पत्ता गाडीच्या कागदपत्रांत आयताच छापून मिळालेला असतो. परंतु ज्या गृहस्थाने आपली मोटार आपल्याच वाड्याच्या चौकात, कबाड्याकडून आणलेले इंजिन, वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतलेला सांगाडा आणि नातेवाइकांकडून उसना घेतलेला पैसा यांच्या संयोगाने स्वहस्ते सिद्ध केली आहे, त्याला तक्रारअर्ज लिहावयाचा झाल्यास तो आपल्याच नावे लिहावा लागतो, त्यावर शेराही आपणच मारावा लागतो आणि चौकशी अधिकारी या नात्याने उताणे होऊन गाडीखाली सरपटत जाण्याचे कामही आपल्याच वाट्याला येते.

झाशीच्या बडा बाजारात या चौकशीला एकांतही लाभत नाही. १७४२ नंतर नारो शंकरांनी येथला किल्ला वाढविला व त्याच्या पायथ्याशी शहर वसविले, त्या काळी आणि त्यापुढेही दक्षिणेतून जी मराठी घराणी इकडे आली त्यांपैकी काही जुन्या शहराच्या गल्ल्यांतून अद्यापि टिकून आहेत. माझी बहीण अशाच एका घरात दिलेली असून तिच्या वाड्याचा दरवाजा मुरलीमनोहराच्या देवळाला जाणाऱ्या वाटेवर उघडतो. त्या दरवाजातून आत डोकावणे हा बाजाराचा वंशपरंपरागत हक्क असल्याने, चौकातल्या मोटारीची प्रकृती आज कशी आहे हे घरच्या माणसांना कळण्यापूर्वी समोरच्या भांडेवाल्याला कळलेले असते. मी त्या मोटारीच्या कर्त्याचा मामा. तस्मात् साऱ्या बाजाराचा मामा. सकाळी दूध आणावयास बाहेर पडलो की, "काए मामाजी, जा कब चलहै?" हा बुंदेली प्रश्न दुकानागणिक ऐकू येतो, आणि त्यात आस्था किती व कुचेष्टा किती याचे पृथक्करण करण्याच्या भरीस मी अलीकडे पडत नाही.

भाचा ज्या वस्तूचा उल्लेख स्पोर्ट्‌स कार असा करतो तिला छप्पर नाही, दरवाजे नाहीत, सामान ठेवावयास जागा नाही आणि दोहोंपेक्षा अधिक माणसांची सोय नाही. इतक्या अभावांतून एक मोटार निष्पन्न होते हेच नवल म्हणावयाचे. चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरचे नाक व मडगार्डे, आणि त्या लांबुडक्या नाकाखाली एका जुन्या मारुती व्हॅनचे ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे इंजिन, अशी तिची मांडणी आहे. या व्हॅनने आपली सारी उमेद शाळकरी मुलांची ने-आण करण्यात खर्ची घातली होती. तथापि तिचीच निवड करण्यामागे भाच्याचे शास्त्र असे की, मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसून पुढची चाके फिरविते, तर व्हॅनमध्ये ते गाडीच्या लांबीत बसून लांब दांड्याच्या योगे मागच्या चाकांना गती देते. आणि मागून ढकलली न जाणारी गाडी स्पोर्ट्‌स कार या पदवीस पात्र नाही. अश्वशक्ती म्हणाल तर सुमारे पस्तीस. परंतु संपूर्ण गाडी अर्ध्या टनाच्या आसपास असल्याने तेवढे घोडे पुरतात, असे तो सांगतो. चौकात बांधलेली ही मोटार वाड्याच्या दरवाजातून बाहेर निघेना, अशी मौजेची हकीकत येथे वाचावयास मिळेल या अपेक्षेने जे पुढे वाचीत असतील त्यांची मी क्षमा मागतो. भाच्याने दरवाजा आधीच मोजला होता.

या वेडाची वंशावळ मात्र मोठी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची अशीच उघडी, हलकी दोन आसनी गाडी काढली. तयार मोटारीवर ब्रिटिश सरकार खरेदी-कर घेई, सुट्या भागांवर तो पडत नसे; म्हणून कंपनी गाडीचे भाग पेटाऱ्यात भरून विकू लागली आणि उरलेला कारखाना गिऱ्हाइकाच्या घरी भरू लागला. असे सांगतात की, या सवलतीची एक अट जुळणीची पुस्तिका सोबत देऊ नये अशी होती. त्यावर तोडगा म्हणून गाडी खोलावी कशी याची पुस्तिका देण्यात आली, ती गिऱ्हाइकाने शेवटाकडून आरंभाकडे वाचावयाची. सरकारी नियमाचा असा सविनय पराभव वाचून आपल्याकडच्या मुरब्बी कारकुनाचेही डोळे पाणावतील. १९७३ साली तो कर गेला, त्याच साली या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी केवळ अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधून दाखविण्याचे पुस्तकच लिहिले. या आकड्यावर विश्वास ठेवणारा एक वाचक माझ्या बहिणीच्या पोटी जन्मला. अडीचशे पौंडांचे रुपये त्याने कागदावर बिनचूक केले होते. चूक झाली ती रुपयांची मोटार करताना.

आपल्या मुलखातही हा प्रयोग अपूर्व नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपली दोन आसनी छोटी मोटार सिद्ध केली व पुढे 'मीरा' नावाने तिची सुधारलेली रूपे सत्तरीच्या दशकापर्यंत ते करीत राहिले. कारखाना काही उभा राहिला नाही. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत 'चिंकारा' या नावाने जी रोडस्टर बनू लागली तिचे रूप त्या इंग्रजी सेव्हनचे व इंजिन अँबॅसडरमध्ये बसणारे इसुझूचे. आणि २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी भंगारातून लाथ मारून चालू होणारी चारचाकी घडविली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली व पुढच्या वर्षी ती दिलीही. या शेवटच्या हकीकतीचा बडा बाजारावर फार अनिष्ट परिणाम झाला. गाडी चांगली बांधण्यापेक्षा ती योग्य माणसाच्या दृष्टीस पडेल अशी बांधावी, असा उपदेश भाच्याला रोज होऊ लागला, आणि एका हलवायाने तर गाडी पूर्ण करण्याची घाई करू नये, अपूर्ण गाडीकडे पाहून श्रीमंतांना अधिक दया येते, असे अर्थशास्त्र मांडले.

कायद्याचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते थोडक्यातच आटोपले. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडी तपासून तिला रस्त्याचा परवाना देण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेकडून नमुना मंजूर करून घेण्याची जी पद्धत आहे ती कारखानदाराला सोसणारी, भाच्याला नव्हे. सबब ही मोटार सार्वजनिक रस्त्यावर चाक ठेवीत नाही. बरुआसागरच्या बाजूला एका परिचितांच्या शेतात मातीची सरळ पट्टी आहे, तेथे ती चालते; आणि तेथवर ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते. शर्यतीच्या मोटारीला ट्रॅक्टरच्या वेगाने सारा बडा बाजार ओलांडताना पाहणे हा अनुभव ज्यांना विनम्रता शिकावयाची आहे त्यांनी अवश्य घ्यावा.

आता मुख्य विषय. बाजाराचा सिद्धान्त असा की, बिघाड झाला म्हणजे कोणता तरी भाग खराब असला पाहिजे. आणि योगायोगाने बॅटरीवाल्याच्या मते तो भाग बॅटरी असतो, तेलवाल्याच्या मते तेल असते व टायरवाल्याच्या मते टायर. माझे मत अनुभवाअंती निराळे झाले आहे. घरी बांधलेल्या मोटारीतला प्रत्येक भाग निर्दोष असू शकतो, कारण तो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत इमानेइतबारे चाकरी करून आलेला असतो. दोष असतो तो दोन भागांच्या शिवेवर, जेथे एकाचा अंमल संपून दुसऱ्याचा सुरू होतो आणि जेथे कोणाचाच तलाठी फिरकत नाही. कारखान्यात या शिवेची मोजणी करण्यासाठी पगारी माणसे असतात. चौकात एक भाचा असतो.

परीक्षेची परंपरा झाशीत थोर आहे, हे येथे सांगितले पाहिजे. एका सौदागराने दिसावयास सारखेच उमदे असे दोन घोडे आणले असता लक्ष्मीबाईसाहेबांनी दोहोंवर बसून रपेट केली, एकाला भरघोस किंमत दिली व दुसऱ्याला नाममात्र, कारण त्याच्या छातीत आत मार बसलेला होता. आणि सौदागराने ते कबूल केले, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून या शहरातला प्रत्येक पुरुष आपणास बाईसाहेबांची दृष्टी लाभली आहे असे मानून चालतो. भेद इतकाच की, बाईसाहेब घोड्यावर बसून निवाडा देत, ही मंडळी दुकानाच्या फळीवर बसून देतात.

शिवाय एक बोल्ट उरला होता. जुळणी पुरी झाली तेव्हा सतरा नंबरचा पाना लागेल असा एक धडधाकट बोल्ट चौकात शिल्लक राहिला. तो कोठला, हे कोणालाच सांगता येईना. बहिणीने तो लोणच्याच्या बरणीच्या जुन्या झाकणात घालून कोनाड्यात ठेवला, आणि पुढे प्रत्येक बिघाडाच्या वेळी पहिला संशय त्याच्या गैरहजेरीवर जाऊ लागला.

पहिले प्रकरण विजेचे. ब्रेकवर पाय ठेवला की मागचा लाल दिवा लागण्याऐवजी पुढचे दिवे मिणमिणत व मीटरची तबकडी मंद उजळे. म्हणजे गाडी थांबत असल्याची वार्ता मागच्याला सोडून पुढच्याला व चालकाला मिळे, ज्यांना ती ठाऊकच होती. बॅटरी बदलण्यात आली. मग वायरिंगची झडती झाली. अखेर भेलमधून निवृत्त झालेले एक इंजिनियर, ज्यांची हयात रोहित्रांच्या सहवासात गेली होती, चौकात आले, खुर्ची मागवून बसले आणि त्यांनी प्रश्न केला, "वीज जाते कुठून ते सगळे सांगताहेत, परत कुठून येते?" साध्या मोटारीत दिव्यापर्यंत एकच वायर जाते आणि परतीची वाट गाडीचा पत्राच होतो, फायबरच्या अंगातून वीज वाहत नाही, म्हणून भाच्याने मागच्या दिव्यांच्या परतीच्या वायरी एकत्र करून सांगाड्याला एका स्क्रूने जखडल्या होत्या, आणि सांगाड्याला त्याआधी उत्तम काळा रंग दिला होता. रंगातून वीज जात नाही. परतीचा रस्ता बंद दिसताच ब्रेकच्या दिव्याची वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटी शिरून पुढच्या दिव्यांच्या मार्गाने घरी पोहोचत होती. दिवा निर्दोष, वायर निर्दोष, सांगाडा निर्दोष, रंग तर दृष्ट लागावा असा. सँडपेपरच्या तुकड्याने नखाएवढा रंग खरवडताच प्रकरण निकालात निघाले, आणि बदललेली बॅटरी परत घेण्यास बॅटरीवाल्याने गोड शब्दांत असमर्थता दर्शविली.

ब्रेकचे प्रकरण त्याहून लांबले व त्यात माझ्या उजव्या पायाचा संबंध आला. ब्रेकच्या नळ्यांत तेलाबरोबर हवा शिरली म्हणजे पेडल मऊ पडते, कारण तेल दाबले जात नाही व हवा दाबली जाते. ती हवा काढण्यास दोन माणसे लागतात, एक चाकाशी बसून निपल सोडणारा आणि दुसरा वर बसून पेडल मारणारा. "मामा, दाबा. धरून ठेवा. सोडा." या तीन आज्ञांवर माझे कित्येक दुपारचे विश्रांतीकाल व्यतीत झाले, हवेचे बुडबुडे निघत, तेल निघे, पेडल मात्र मऊ ते मऊच. मग रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटरसाहेब आले. त्यांनी प्रथम नापसंती व्यक्त केली की, रेल्वेत ब्रेक हवेनेच लागतो, आणि येथे तुम्ही चांगली हवा बाहेर घालवीत बसला आहात. नंतर ते चाकाशी वाकले, काही काळ न्याहाळीत राहिले आणि विचारते झाले की, हवा वर चढते की खाली उतरते? पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर अदलाबदल होऊन बसले होते: डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. बसतात ते तंतोतंत, चालतातही, परंतु त्यामुळे हवा काढण्याचे निपल वर असावयाचे ते तळाशी गेले होते, आणि हवा बिचारी आपल्या स्वभावानुसार वरच्या कोपऱ्यात सुखाने बसून खालून वाहणारे तेल व वरून दाबणारा मामा यांची गंमत पाहत होती. तोवर दोन वेळा बदललेला मास्टर सिलिंडर किती निष्पाप होता हे बाजाराने मागाहून मोठ्या कळवळ्याने मान्य केले.

उन्हाळ्यात झाशीचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा इंजिन तापणे हा दोष मानावा की सहानुभूती, हा प्रश्नच आहे. परंतु या गाडीचे तापणे जगावेगळे होते. सर्वसाधारण मोटार उभी असता तापते व धावू लागली की वाऱ्याने थंड होते. ही चौकात तासभर उभी राहून शांत असे आणि शेतातल्या पट्टीवर धावू लागली की काटा लाल रेषेकडे सरके. समोरच्या भांडेवाल्याने यावर जो उपाय सुचविला तो तर्काच्या दृष्टीने अभेद्य होता: धावल्याने तापते, तर धाववू नये. थर्मोस्टॅट काढून झाला, रेडिएटर धुऊन झाला, पाण्यात अडकलेल्या हवेवर संशय घेऊन नाक उंच करून पाणी भरून झाले. एके दिवशी चौकात इंजिन चालू असताना माझी बहीण गाडीच्या पुढून तुळशीकडे निघाली, थबकली आणि म्हणाली, "अरे, हा पंखा माझ्याच तोंडावर का झळा मारतोय?" विजेच्या पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. समोरची हवा ओढून इंजिनाकडे लोटावयाची, ती तो इंजिनाकडून समोर लोटत होता; उभ्या गाडीत तेही चाले, परंतु वेग आला की पुढून येणारा वारा व आतून जाणारा वारा रेडिएटरच्या जाळीत एकमेकांस अडवून उभे राहत. पंखा उत्तम. रेडिएटर उत्तम. दोघांच्या मध्ये काय घडते ते पाहण्यास गृहिणी लागली.

वेगमापकाचे मात्र झटपट झाले. व्हॅनची बारा इंची चाके काढून भाच्याने तेरा इंची, अधिक घेराची बसविली होती, त्यामुळे काटा खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवी. ब्रेकला आठवडे लागले, पंख्याला महिना लागला. हा दोष ज्या दिवशी ध्यानात आला त्याच संध्याकाळी दूर झाला.

दोष संपले म्हणजे माणसाने थांबावे, अशी माझी समजूत होती. परंतु दोषांच्या पाठोपाठ सुधारणा येतात, आणि सुधारणा ही दोषांहून चिवट वस्तू आहे, कारण दोषाला अंत असतो. चाकांचे कोन सुधारावयाचे म्हणून चौकात सुतळ्या ताणल्या गेल्या व गवंड्याचा ओळंबा आणला गेला. पुढची चाके समोरच्या अंगाला केसभर आत वळलेली असली म्हणजे गाडी सरळ धावते म्हणतात, आणि तो केसभर मोजताना सुतळीत अडकून दूधवाला पडला. मागे अधिक ताठ स्प्रिंगा घातल्या. गाडी वळणावर झुकेनाशी झाली, पण शेताच्या पट्टीतला प्रत्येक खडा आता बसणाऱ्याच्या मणक्याशी थेट पत्रव्यवहार करू लागला, आणि त्या हादऱ्यांनी एक्झॉस्टचा कंस तुटला. कंस जाड केला तर पुढचा सांधा सुटला. जो भाग बळकट करावा त्याचे दुखणे शेजाऱ्याकडे जाते. हद्द सरकते, वाद मिटत नाही. मग चॅपमन यांच्या हलकेपणाच्या तत्त्वाची आठवण होऊन भाच्याने जाड केलेल्या त्याच कंसाला भोके पाडावयास घेतली. पन्नास-साठ ग्रॅम वजन तरी उतरेल, असा त्याचा अंदाज होता. त्या वेळी त्याच्या शेजारी पोहे-जिलेबीची जी बशी होती तिच्या वजनाचा विषय माझ्या बहिणीने काढला, तो त्याला अप्रस्तुत वाटला.

यथावकाश गाडी चांगली चालू लागली. इतकी चांगली की, बाजाराचा तिच्यातला रस ओसरला. सकाळचे प्रश्न बंद झाले, आणि दोन्ही निवृत्त तज्ज्ञ चौकात येऊन, चहा घेऊन, काही तरी वाजते आहे का म्हणून कान देऊन बसत व निराश होऊन जात. अशात सिपरी बाजारातला एक तरुण आला. त्यालाही अशीच मोटार बांधावयाची होती, आणि त्याने भाच्याकडे जुळणीचा क्रम लिहून मागितला. भाच्याने कागद घेतला, लेखणी घेतली व ध्यानात आले की, कोणता भाग कोणत्या भागाच्या आधी बसविला हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. तेव्हा त्या इंग्रजी कंपनीचा कित्ता गिरवून गाडी खोलण्याची पुस्तिका लिहावयाचे ठरले, आणि ती लिहावयाची तर गाडी खोलणे क्रमप्राप्त होते.

बडा बाजारात चैतन्य आले. इंजिनियरसाहेबांनी खुर्ची मागविली. चौकात जुन्या चादरी अंथरल्या गेल्या, त्यांवर एकेक भाग क्रमवार मांडला जाऊ लागला, मी सांगेन ते टिपून घेण्यास सिपरी बाजाराचा तरुण वही घेऊन बसला, आणि माझ्या बहिणीने कोनाड्यातले झाकण आणून समारंभपूर्वक मधोमध ठेवले. कारण साऱ्या गाडीचा हिशेब लागत असताना त्या सतरा नंबरच्या बोल्टाची रिकामी जागाही आज उघडकीस येणार, याबद्दल सर्वांचे एकमत होते. संध्याकाळपर्यंत सांगाडा उघडा झाला. प्रत्येक भोकातून एकेक बोल्ट निघाला होता. बोल्टावाचूनचे भोक एकही निघाले नाही. भाच्याने पुन्हा मोजले, तरुणाने वहीवरून पडताळले, भांडेवाल्याने दरवाजातून आपला आकडा सांगितला. सगळ्यांचा मेळ बसत होता. शेवटी फिटरसाहेबांनी झाकणातला बोल्ट उचलला, चष्मा वर सारून त्याचे आटे निरखले, हा रेल्वेचा माल आहे असा निर्वाळा दिला आणि तो खिशात टाकून ते घरी गेले.